गुप्त कोणापासून?



वणीत जन्मलेल्या माधव श्रीहरी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदच्या जंगलात गवत कापले आणि जंगल कायदा मोडला. वऱ्हाडाला समुद्र नाही, म्हणून मिठाऐवजी गवत. ही हकीकत वणी-पुसदच्या या जिल्ह्यात नव्याने सांगायला नको. तिची कमी सांगितली जाणारी बाजू कागदांची आहे. त्या काळी प्रत्येक प्रांताचे सरकार दर पंधरा दिवसांनी दिल्लीच्या गृहखात्याला राजकीय परिस्थितीचा गुप्त अहवाल पाठवत असे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा अहवाल नागपूरहून जाई. सभा कुठे झाल्या, चळवळ कुठे तापते आहे, कुठे निवते आहे, कोणाला पकडले आणि त्याचा लोकांवर काय परिणाम झाला, असा ऐवज त्यात असे. हे पाक्षिक अहवाल आता दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि गृहखात्याच्या राजकीय शाखेच्या कितीतरी फायली ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. परक्या सरकारने आपल्या पणजोबांवर ठेवलेली पाळत दारव्ह्याचा किंवा दिग्रसचा एखादा विद्यार्थी आज मोबाइलवर वाचू शकतो. त्याच विद्यार्थ्याने स्वतंत्र भारताच्या लष्कराने १९६३ साली स्वतःच्या पराभवाविषयी लिहून घेतलेला अहवाल मागितला, तर त्याला तो मिळत नाही.

ही विसंगती दाखवून सरकारला चार शब्द सुनावणे सोपे आहे. आजचा मुद्दा तो नाही. हेरगिरी, पाळत आणि गुप्तवार्ता यांविषयीचे सरकारी अहवाल लोकांना मिळावेत की नाहीत, हा वाद आपण नेहमी एकाच पद्धतीने मांडतो. एका पारड्यात देशाची सुरक्षा, दुसऱ्यात नागरिकाचा हक्क. मग सुरक्षेचे पारडे जड होते आणि चर्चा संपते. माझे म्हणणे असे की ही मांडणीच चुकीची आहे, कारण तिच्या मुळाशी एक न तपासलेले गृहीत आहे. अहवाल कपाटात ठेवला की तो गुप्त राहतो, हे ते गृहीत. गेल्या शंभर वर्षांचा पुरावा पाहिला तर महत्त्वाचा अहवाल असा राहिलेला क्वचितच दिसतो. तो बाहेर येतो, पण निवडक हातांत, निवडक वेळी आणि निवडक पानांपुरता. तेव्हा खरी निवड गुप्त आणि उघड यांच्यात नसते. काहींना उघड की सर्वांना उघड, एवढीच ती असते. एक खुलासा आधीच करतो. ‘अहवाल’ म्हणताना मला हेराचे रोजचे टिपण किंवा खबऱ्याचे नाव अभिप्रेत नाही. यंत्रणेने काय केले, कोणावर पाळत ठेवली, कुठे चुकली, याचा हिशेब मांडणारे समित्यांचे, आयोगांचे आणि विभागप्रमुखांचे अहवाल मला अभिप्रेत आहेत.

मराठी माणसाला या विषयातला सर्वांत बोलका दाखला लंडनच्या कोर्टात सापडतो. ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक काढले. हिंदुस्थानातल्या असंतोषाचे जनकत्व टिळकांकडे आणि त्या असंतोषातून झालेल्या खुनांची जबाबदारीही त्यांच्या लेखणीकडे, असा त्याचा रोख होता. टिळक तेव्हा मंडालेत होते. सुटून आल्यावर त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जानेवारी-फेब्रुवारी १९१९ मध्ये तो लंडनला चालला. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. दावा दोन खासगी पक्षांमधला होता. सरकार त्यात पक्षकार नव्हते. तरीही मुंबई सरकारने आपले दप्तर चिरोलच्या मदतीला दिले आणि ते हाताळायला एक आय.सी.एस. अधिकारीही दिला. वर्षानुवर्षे टिळकांच्या सभा, मेळे, वर्गणीच्या याद्या आणि पाहुणे यांवर नजर ठेवून जे जमवले, ते एका पत्रकाराच्या बचावासाठी उपलब्ध झाले. टिळकांना तीच कपाटे उघडून मागण्याची सोय नव्हती. टिळक दावा हरले आणि खर्चाचा डोंगर अंगावर आला. निकाल केवळ कागदांमुळे लागला असे मी म्हणणार नाही. युद्ध नुकतेच संपले होते, जूरी इंग्रज होती आणि कार्सनची उलटतपासणी इंग्लंडात गाजलेली होती. पण गुप्ततेच्या युक्तिवादाचे त्या दाव्यात काय झाले ते पाहा. हे कागद फुटले तर राज्याला धोका, असे म्हणून जे दप्तर बंद ठेवले होते, ते सरकारला सोयीचे झाले त्या दिवशी उघडले, आणि उघडूनही त्या राज्याला काही धोका झाला नाही.

याच सुमारास त्याच सरकारने दुसऱ्या टोकाची एक गोष्ट केली. डिसेंबर १९१७ मध्ये न्यायमूर्ती रौलट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली; एप्रिल १९१८ मध्ये तिने अहवाल दिला आणि सरकारने तो छापून प्रसिद्ध केला. पहिलेच प्रकरण मुंबई इलाख्याचे: चाफेकर, ‘केसरी’, पुण्याचे चित्पावन. सुनावणी बंद दाराआड झाली होती आणि साक्षी गुप्त राहिल्या, म्हणजे निष्कर्ष उघडे, आधार झाकलेला. तरीही तो अहवाल लोकांच्या हातात होता. पुढच्या वर्षी त्यावर बेतलेला कायदा आला तेव्हा तो कोणत्या तर्कावर उभा आहे हे विधिमंडळातल्या आणि बाहेरच्या विरोधकांना वाचून सांगता आले. देशभर जो विरोध उठला त्याला लक्ष्य स्पष्ट होते. परक्या सरकारने स्वतःच्या समर्थनासाठी छापलेला, एकतर्फी, पुरावा झाकलेला अहवालसुद्धा छापला गेला म्हणून लोकांच्या उपयोगी पडला. चिरोलला मिळालेले दप्तर कदाचित त्याहून माहितीपूर्ण असेल, पण ते लोकांच्या काहीच उपयोगी पडले नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने जे केले त्याचे श्रेय आपण पुरेसे देत नाही. १९५७ पासून त्याने आपल्याच दप्तरातले निवडक कागद ‘सोर्स मटेरियल फॉर अ हिस्टरी ऑफ द फ्रीडम मूव्हमेंट इन इंडिया’ या नावाने खंडशः छापले. १८८५ ते १९२० या काळाचा दुसरा खंड १९५८ चा. गुप्त पोलिसांचे गोषवारे, अधिकाऱ्यांचे शेरे, गणेशोत्सव आणि शिवजयंतीवरची टिपणे असा एके काळी कुलूपबंद असलेला मजकूर त्यात ग्रंथालयाच्या फळीवर आला. हे खंड वाचताना एक सावधगिरी लागते. खबऱ्याला पैसे बातमीचे मिळतात, त्यामुळे तो बातमी वाढवतो. आणि वरिष्ठाला जे ऐकायचे असते त्याकडे कनिष्ठाचे टिपण झुकते. मेळ्यातल्या पोरांच्या पदात कटाचा वास घेणारे शेरे आज वाचताना हसू येते. पण तो शेरा फसवा होता हे आपल्याला कळते, कारण तो छापला गेला आणि इतर साधनांशी ताडून पाहता आला. बंद फायलीतला चुकीचा शेरा बरोबर शेऱ्याइतकाच भारदस्त असतो. पुढचा अधिकारी तो उतरवून घेतो आणि तिसरा त्यावर कारवाई करतो.

यावर कोणी म्हणेल, इंग्रज गेले म्हणून त्यांची कपाटे उघडता आली. चालत्या राज्याची गोष्ट वेगळी. म्हणून चालत्या राज्यांकडे वळू. योगायोगाने सप्टेंबर १९६३ या एकाच महिन्यात दोन लोकशाही देशांनी दोन वेगळ्या रीती दाखवल्या. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले; सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य तेव्हापासून आपल्या भाषेत रुळले. चीनकडून झालेल्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत त्यावर निवेदन केले. प्रशिक्षण, सामग्री, हुकमांची साखळी यांबरोबर गुप्तवार्तेचाही त्यात हिशेब होता. माहिती जमवण्याचे काम समाधानकारक नव्हते, ती उशिरा मिळे आणि मोघम असे, एवढे त्यांनी मान्य केले. निवेदन प्रामाणिक होते आणि त्या परिस्थितीत धैर्याचेही होते. पण ते अहवालाचे सार होते, मंत्र्याने काढलेले. अहवाल आत राहिला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला लंडनमध्ये लॉर्ड डेनिंग यांचा अहवाल विक्रीला आला. युद्धमंत्री प्रोफ्युमो यांचे एका तरुणीशी संबंध होते, तिची ओळख सोविएत वकिलातीतल्या नौदल अधिकाऱ्याशी होती, आणि यातून गुपिते फुटली काय, असा प्रश्न होता. शीतयुद्ध ऐन भरात होते, क्यूबाच्या पेचाला वर्षही झाले नव्हते. तरी सरकारी छापखान्याचे ते पुस्तक घ्यायला मध्यरात्री रांगा लागल्या आणि लाखावर प्रती खपल्या. (सरकारी अहवालासाठी रात्री रांग, हे दृश्य आपल्याकडे कल्पनेतही बसत नाही.) डेनिंग यांनी बऱ्याच बड्या लोकांना सांभाळून घेतले, अशी टीका पुढे झाली आणि ती बिनबुडाची नव्हती. पण ही टीका करता आली, कारण पुस्तक हातात होते.

आपल्या बंद अहवालाचे पुढे काय झाले? तो गुप्त राहिला काय? ‘टाइम्स’चे दिल्लीतले बातमीदार नेव्हिल मॅक्सवेल यांना तो पाहायला मिळाला आणि १९७० मध्ये त्यांनी ‘इंडियाज चायना वॉर’ लिहिले. जगभरच्या वाचकाने १९६२ चे युद्ध बराच काळ त्याच पुस्तकातून समजून घेतले, आणि त्या पुस्तकाचा कल भारताला दोष देण्याकडे आहे. तो कल बरोबर की चूक, हे पडताळायला लागणारा कागद भारतीय अभ्यासकाकडे नव्हता. मॅक्सवेल यांनी त्यातले काय उचलले आणि काय सोडले, हे तपासायला मार्च २०१४ उजाडावे लागले; तेव्हा त्यांनी अहवालाचा काही भाग स्वतःच जगापुढे ठेवला. त्याआधी पत्रकार कुलदीप नायर यांनी माहितीच्या अधिकारात तो मागितला होता, पण २०१० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सरकारचा नकार उचलून धरला होता. २०१४ चा घटनाक्रम तर लक्षात ठेवण्याजोगा आहे. मार्चमध्ये, विरोधी पक्षात असताना, अरुण जेटली यांनी असे कागद अनिश्चित काळ दडवू नयेत असे लिहिले. जुलैमध्ये तेच संरक्षणमंत्री म्हणून राज्यसभेत म्हणाले की अहवाल उघड करणे देशहिताचे नाही. मधल्या चार महिन्यांत हिमालय हलला नव्हता. यात एका पक्षाला किंवा व्यक्तीला दोष देण्यात अर्थ नाही. पक्षांची अदलाबदल केली तरी संवाद तेच राहतात. कागदाची धोकादायकता मजकुरावर ठरत नाही, वाचणारा कोणत्या बाकावर बसला आहे यावर ठरते. बापूजी अण्यांच्या आयुष्यात हेच घडले. १९३० मध्ये ते सरकारच्या नोंदीतले कायदेभंगी होते. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सदस्य म्हणून बसले, म्हणजे अहवाल ज्यांच्यासाठी लिहिले जातात त्यांच्या रांगेत. आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणावेळी राजीनामा देऊन पुन्हा बाहेर आले. माणूस तोच होता.

महाराष्ट्रातला एक दाखला २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा. हल्ल्याला राज्याची यंत्रणा कशी सामोरी गेली हे तपासायला सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. प्रधान हे माजी केंद्रीय गृहसचिव, आणि १९६२ नंतरच्या काळात संरक्षण मंत्रालयात चव्हाणांचे खासगी सचिव. त्या काळावर त्यांनी पुढे पुस्तकही लिहिले. बालचंद्रन यांची हयात पोलिसात आणि परदेशी गुप्तवार्तेत गेलेली. अशा जाणत्या माणसांची समिती, पण ती चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली नव्हती. त्या कायद्यानुसार नेमलेल्या आयोगाचा अहवाल कार्यवाहीच्या टिपणासह सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा लागतो. साध्या शासन निर्णयाने नेमलेल्या समितीला ते बंधन नाही. केंद्राच्या गुप्तवार्ता यंत्रणांना प्रश्न विचारण्याचा अधिकारही समितीला नव्हता. समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला. जूनमध्ये सरकारने सभागृहापुढे ठेवले ते कार्यवाहीचे टिपण, अहवाल नव्हे. म्हणजे उत्तर छापले आणि प्रश्नपत्रिका दडवली. मग अपेक्षेप्रमाणे वृत्तपत्रांतून तुकडे येऊ लागले: पोलिस आयुक्तांच्या नेतृत्वावरचे ताशेरे, आधी मिळालेल्या इशाऱ्यांचे काय झाले, वगैरे. अखेर डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अहवाल पटलावर आला. जवळपास असाच प्रकार त्याच्या वीस वर्षे आधी इंदिरा गांधींच्या हत्येवरच्या ठक्कर आयोगाचा झाला होता. अहवाल सभागृहापासून दूर ठेवता यावा म्हणून १९८६ मध्ये कायदाच बदलला, १९८९ मध्ये एका इंग्रजी दैनिकात तो फुटला, आणि त्याच महिन्यात तो संसदेपुढे ठेवावा लागला.

तिसरा प्रसंग २०२१ चा. पोलिस बदल्यांतल्या कथित व्यवहारांविषयी राज्य गुप्तवार्ता विभागाने फोनवरच्या पाळतीच्या आधारे केलेला अहवाल तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकार परिषदेत पुढे आणला आणि तो घेऊन ते दिल्लीला केंद्रीय गृहसचिवांकडे गेले. मुंबईत शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा नोंदला गेला. पुढच्या वर्षी सरकार बदलले आणि तपास केंद्रीय यंत्रणेकडे गेला. या वादात कोण बरोबर हे ठरवण्याची ही जागा नाही. पाळत कायदेशीर होती काय, अहवालातले आरोप खरे होते काय, हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे होते आणि महाराष्ट्राच्या जनतेच्या पोलिसांविषयीचे होते. त्या जनतेला दोन्ही बाजूंनी अहवालाविषयी ऐकवले. अहवाल कोणीच तिच्यासमोर रीतसर ठेवला नाही. चिरोलच्या दाव्यात जे एकदा झाले ते आता आपल्या राजकारणाची रीत होऊन बसले आहे.

याउलट जे अहवाल रीतसर उघडले त्यांचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय माझा मुद्दा पुरा होत नाही. गांधीजींच्या खुनाच्या कटाची आगाऊ माहिती कोणाकोणाला होती आणि ती असूनही खून का टळला नाही, याची चौकशी न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने केली. निमित्त पुण्याचे. नोव्हेंबर १९६४ मध्ये सुटून आलेल्या आरोपींच्या सत्कारसमयी ‘तरुण भारत’चे ग. वि. केतकर यांनी नथुरामचा बेत आपल्याला आधी ठाऊक होता असे सांगितले आणि महाराष्ट्रात व संसदेत गदारोळ उठला. १९६९ मध्ये आलेला हा अहवाल दोन खंडांत कोणालाही वाचता येतो. २० जानेवारी १९४८ च्या स्फोटानंतर मदनलाल पाहवा हाती लागला असताना पुढच्या दहा दिवसांत दिल्ली आणि मुंबईचे पोलिस एकमेकांशी काय बोलले, काय बोलले नाहीत, प्राध्यापक जैन यांनी मुंबईच्या मंत्र्यांना सांगितलेल्या माहितीचे काय झाले, हे सारे त्यात नावानिशी आहे. गुप्तवार्ता यंत्रणेच्या अपयशाचे इतके बारकाईचे वाचन आपल्याकडे दुसरे क्वचितच असेल. त्यातल्या सावरकरांविषयीच्या निष्कर्षावर आजही कडाक्याचे मतभेद आहेत. पण ते मतभेद पान आणि परिच्छेद दाखवून होतात, आणि अहवाल न मानणाऱ्यालाही तो वाचूनच खोडावा लागतो. दुसरे उदाहरण कारगिलचे. के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने डिसेंबर १९९९ मध्ये अहवाल दिला आणि फेब्रुवारी २००० मध्ये, युद्ध संपून वर्षही झाले नव्हते तेव्हा, तो संसदेपुढे आला. बाजारात पुस्तक म्हणूनही आला. गुप्तवार्तेतल्या उणिवा त्यात स्पष्ट शब्दांत आहेत. सुरक्षेसाठी जे वगळले ते वगळल्याचे वाचकाला कळते. वर्षभराने मंत्रिगटाने त्यावर केलेला अहवाल छापताना मात्र गुप्तवार्तेचे अख्खे प्रकरण उडवले. कुठे थांबावे याचे भान वर्षभरात हरवले, असे म्हणावे लागते.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप माणसांच्या जिवाचा आहे. अहवाल उघडला तर खबऱ्या ओळखू येईल; आज नाही तर उद्या त्याच्या मुलाबाळांना त्रास होईल. हे खरे आहे, आणि काही नावे पन्नास वर्षांनंतरही झाकलेली राहावीत असे मी म्हणेन. पण नाव झाकायला अख्खा अहवाल झाकावा लागत नाही. माहिती अधिकार अधिनियमाच्या १० व्या कलमात देण्याजोगा भाग वेगळा करून देण्याची तरतूद आहे. कारगिलच्या अहवालात तेच झाले. शत्रूला फायदा होईल, हा दुसरा आक्षेप तुलनेने हलका आहे. १९६२ मध्ये आपली फळी कुठे फुटली हे चिनी सैन्याला अहवाल वाचून कळायचे नव्हते. ते तिथूनच आत आले होते. त्यापेक्षा गंभीर आक्षेप प्रशासनातून येतो: उद्या छापले जाणार असे ठाऊक असेल तर अधिकारी आज मोकळेपणाने लिहिणार नाहीत, गुळमुळीत अहवाल येतील. डेनिंगचा दाखला याच बाजूला जातो, हे मी मान्य करतो. पण सुब्रह्मण्यम समितीला आपले लेखन लोकांसमोर जाणार याची कल्पना होती आणि तरी तिने बोट ठेवायचे तिथे ठेवले. शिवाय मोकळेपणाने लिहिलेला अहवाल कोणी वाचणारच नसेल, तर त्या मोकळेपणाचे मोल काय? वीस किंवा पंचवीस वर्षांनी उघडणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असले तर तो आपल्या निवृत्तीनंतरच्या वाचकासाठी लिहितो, आणि तो वाचक वरिष्ठापेक्षा कमी भीतिदायक असतो.

चौथा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. गुप्त अहवालांत निरपराधांची नावे असतात. संशयावर लिहिलेली ओळ छापली की तो माणूस आयुष्यभर डागाळतो. याचे उत्तर मी इस्रोच्या प्रकरणातून देईन. १९९४ मध्ये शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. १९९६ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने आरोप खोटे असल्याचा अहवाल दिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पन्नास लाखांची भरपाई देऊन, हे रचले कसे गेले हे पाहण्यासाठी न्यायमूर्ती डी. के. जैन यांची समिती नेमली. या माणसाचे नाव कोणत्याही छापील अहवालाने डागाळले नव्हते. ते डागाळले यंत्रणेतून वर्तमानपत्रांकडे झिरपलेल्या बातम्यांनी, म्हणजे पुन्हा त्याच निवडक उघडेपणाने. आणि डाग कसा लागला हे सांगणारा जैन समितीचा अहवाल २०२१ मध्ये आला तो मोहोरबंद लिफाफ्यात; न्यायालयाने तो पुढील तपासासाठी अन्वेषण विभागाकडे दिला, लोकांसाठी खुला केला नाही. आरोप चव्हाट्यावर आणि त्याची उकल लिफाफ्यात, ही रीत निरपराध्याच्या सोयीची नाही. कच्च्या संशयाच्या नोंदी झाका, पण तपास संपून माणूस निर्दोष ठरला असेल तर त्याच्यावर पाळत का आणि कोणाच्या सांगण्यावरून ठेवली हे उघड करा, एवढा फरक कायद्याला करता येतो.

शेवटचा आक्षेप इथल्या मातीतला आहे. कापसाचा भाव, पीकविमा, कर्ज, आत्महत्या यांनी पिचलेल्या जिल्ह्याला दिल्लीच्या गुप्त अहवालांशी काय देणेघेणे? संबंध आहे, आणि तो १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमातून आपल्या दारापर्यंत येतो. त्या कायद्याचे ३ रे कलम हेरगिरीसाठी आहे. पण ५ वे कलम इतके ऐसपैस आहे की नोकरीमुळे हाती आलेला जवळजवळ कोणताही सरकारी कागद त्याच्या कक्षेत ओढता येतो. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली. तो अजून आहे. तालुक्याच्या कचेरीत ‘गोपनीय’ हा शिक्का ज्या सहजतेने उमटतो त्या सहजतेचे मूळ तिथे आहे. आणि भावासाठी रास्ता रोको झाला की साध्या वेशातला पोलिस नोंद घेतो, ती वर जाते. १९३० मध्येही तसेच होत होते. तेव्हाची नोंद आपण वाचू शकतो. आजची नोंद कधी वाचता येईल याची तारीख कोणत्याही कायद्यात नाही.

ती तारीख का नाही, हे कायद्याच्या मजकुरातच दिसते. माहिती अधिकार अधिनियमाच्या ८(३) प्रमाणे घटनेला वीस वर्षे झाली की बहुतेक अपवाद गळून पडतात, पण देशाच्या सुरक्षेचा अपवाद गळत नाही. तो कालमर्यादेबाहेर आहे. २४ व्या कलमाने केंद्राच्या गुप्तवार्ता संस्था, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता, कायद्याबाहेरच ठेवल्या आणि राज्यांनाही आपापल्या संस्था अधिसूचनेने बाहेर काढण्याची मुभा दिली. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी केला होता. इथेही त्याला पुढे जाता येईल. सुरक्षाविषयक चौकशी समिती नेमताना ती चौकशी आयोग अधिनियमाखालीच नेमावी, म्हणजे अहवाल पटलावर येणे मंत्र्याच्या मर्जीवर राहणार नाही. जे वगळले ते कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या अधिकाऱ्याने वगळले हे त्या पानावरच लिहावे. आणि मूळ अहवालाबरोबर मराठी पाठही त्याच दिवशी यावा. नाहीतर मुंबईच्या इंग्रजी वाचकाला उघडलेला कागद झरी जामणीच्या वाचकाला बंदच राहतो.

केंद्राने जून २०२१ मध्ये युद्धांच्या आणि मोहिमांच्या नोंदींविषयी धोरण जाहीर केले. मोहीम संपल्यावर पाच वर्षांत तिचा इतिहास लिहावा, नोंदी साधारणतः पंचवीस वर्षांत खुल्या कराव्यात, असे त्यात आहे, आणि या धोरणाच्या मुळाशी कारगिल समितीची शिफारस होती असे सरकारनेच म्हटले. ही चांगली सुरुवात आहे. मात्र १९६२ च्या कागदांचा निर्णय त्या नियमाने आपोआप होणार नाही, तो प्रकरण पाहून घेतला जाईल, असेही त्याच वेळी सांगण्यात आले. साठ वर्षे जुन्या कागदाला नियम लागू नसेल आणि कोणीतरी तो पाहून ठरवणार असेल, तर पाहणारा कोण, त्याच्या नकारावर अपील कुठे, आणि नकाराची मुदत किती, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे आपल्या खासदारांनी संसदेत मागायला हवीत.